खादाड पिल्लाची शिकवणी

लॅब्राडॉरचे दोन महिन्यांचे पिल्लू वाटीतले खाणे अर्ध्या मिनिटात फस्त करते, रिकामी वाटी चाटत चाटत स्वयंपाकघरभर फिरवते आणि मग ओट्याखाली बसून वर बघत राहते. घरच्यांना वाटते, पोट भरले नसेल. पोट बहुतेक वेळा भरलेले असते, खाण्याची ओढ तेवढी शिल्लक असते. लॅब्राडॉरच्या बाबतीत ही ओढ काही अंशी जनुकातच असते. केंब्रिज विद्यापीठातल्या एलिनॉर राफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले, की सुमारे पाव लॅब्राडॉर कुत्र्यांमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकातला १४ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. अंगात पुरेशी चरबी साठली आहे, आता भूक आवरा, ही खबर मेंदूत पोचवण्याच्या कामात या जनुकाचा वाटा असतो. खबरच अर्धवट पोचली, तर भूक आवरणार कशी? २०२४ साली याच गटाने आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्याहारी होऊन तीन तास झालेल्या कुत्र्यांसमोर भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवले होते. ते दिसत होते, त्याचा वास येत होता, पण हाती लागत नव्हते. तुकडा गळालेली कुत्री त्या डब्याशी इतरांपेक्षा कितीतरी जास्त झटली. शिवाय स्वस्थ पडलेले असताना त्यांचे शरीर सुमारे पाव हिश्शाने कमी ऊर्जा खर्च करते, असेही दिसले. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही भूक म्हणजे भांडवल. खाण्यात रस नसलेल्या पिल्लाला काय दिले म्हणजे ते खूश होईल, हे शोधण्यातच आठवडा जातो. खादाड पिल्लाशी व्यवहार पहिल्या मिनिटाला ठरतो. २०१६च्या अभ्यासात अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्राडॉरपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांत हा गळालेला तुकडा सापडला. खाऊसाठी काहीही शिकायला तयार असणारी पिल्ले निवडता निवडता माणसाने नकळत ही भूकच निवडली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. पण याच भुकेपायी पिल्लू कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडायलाही शिकते, आणि तेही कोणी न शिकवता.

ते कसे, याचे उत्तर सव्वाशे वर्षे जुने आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे मांजरांवरचे प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले. भुकेल्या मांजराला लाकडी खोक्यात कोंडायचे आणि बाहेर माशाचा तुकडा ठेवायचा, असा तो प्रयोग होता. मांजर आधी सैरावैरा धडपडे, ओरबाडे, आणि कधीतरी योगायोगाने दोरी ओढली जाऊन दार उघडे. पुढच्या खेपांना धडपड कमी होत जाई, शेवटी मांजर थेट दोरीकडे जाई. ज्या कृतीमागोमाग सुख मिळते ती कृती टिकते आणि ज्या कृतीतून काहीच निष्पन्न होत नाही ती विरते, एवढेच हे तत्त्व. कचऱ्याचा डबा आणि ‘सिट’ या दोन्ही गोष्टी पिल्लू याच रीतीने शिकते. डबा मात्र कधी दमत नाही आणि बक्षीस द्यायला उशीर करत नाही, म्हणून तो घरातल्या माणसांपेक्षा सरस शिक्षक ठरतो.

माणसाची सगळी गफलत उशिरामुळे होते. पिल्लू बसते, माणूस खिशात हात घालतो, प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडतो, तुकडा काढतो. तोवर पिल्लू उठून दोन पाय गुडघ्यावर टेकवून उभे असते आणि त्याच अवस्थेत तुकडा त्याच्या तोंडात जातो. शिकवायचे होते बसणे, शिकवले गेले अंगावर चढणे. यावर तोडगा म्हणून एखादा ठरावीक आवाज वापरतात. ‘आत्ता केलेस ते बरोबर, खाऊ येतो आहे’ असा त्याचा अर्थ. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या लेखात यासाठी एक टिकटिकणारे खेळणे सुचवले होते. जत्रेत मिळणाऱ्या पत्र्याच्या बेडकाचेच ते भावंड म्हणायचे. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ही रीत कुत्रेवाल्यांमध्ये रुजवली, आणि आज पाळीव प्राण्यांच्या दुकानात ते खेळणे ‘क्लिकर’ म्हणून मिळते. क्लिकर नसेल तर एखादा तुटक शब्दही चालतो. ‘शाब्बास’ लांबतो आणि दर वेळी वेगळ्या सुरात निघतो. ‘येस’ किंवा ‘हां’ बरा. आधी शब्द उच्चारायचा आणि लगेच तुकडा द्यायचा. असे पंधरा-वीस वेळा केले, की पिल्लू शब्द ऐकताच हाताकडे वळून बघू लागते. मग पिशवीची गाठ सोडायला दोन सेकंद लागले तरी बिघडत नाही.

खाऊ देऊन शिकवणे म्हणजे लाच देणे, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. लाच कामाआधी दाखवतात, मजुरी कामानंतर हाती पडते. ‘ये, ये, हे बघ काय आहे’ असे म्हणत बिस्कीट हलवले की पिल्लू येते, पण बिस्किटाकडे येते. हात रिकामा दिसला की तेच पिल्लू बहिरे होते. म्हणून पहिल्या चार-पाच खेपा सोडल्या, तर तुकडा हातात दिसताच कामा नये. तो खिशात, कमरेच्या पिशवीत किंवा टीव्हीशेजारच्या डबीत असावा आणि काम झाल्यावर बाहेर यावा.

मजुरी कसली आणि किती, हे मात्र नीट मोजावे लागते. पशुवैद्यकातल्या नेहमीच्या सूत्राने पाहिले तर पाच किलोच्या, चार महिन्यांखालील पिल्लाला दिवसाला साधारण ७०० किलोकॅलरी लागतात. खाऊचा वाटा त्यातल्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा संकेत आहे. म्हणजे ७० किलोकॅलरी, अर्थात बिनतेलाचे, बिनमिठाचे सुमारे ४० ग्रॅम उकडलेले चिकन. ऐकायला हे थोडे वाटते. पण तुकडा मटारच्या दाण्याएवढा, अर्ध्या ग्रॅमचा केला तर त्यातून ऐंशी तुकडे निघतात, आणि पिल्लू तुकड्याचा आकार पाहत नाही, तो किती वेळा मिळाला हे पाहते. शाकाहारी घरात पनीरचे बारीक तुकडे किंवा उकडलेले गाजर चालते. सगळ्यांत सोयीचा उपाय म्हणजे रोजच्या खाण्यातलेच मूठभर दाणे सकाळी डबीत काढून ठेवायचे आणि दिवसभर शिकवणीत वापरायचे. वजन वाढत नाही आणि हिशेबही राहतो. पिल्लाला उपाशी ठेवून शिकवायचे मात्र कारण नाही. फार भुकेले पिल्लू शिकत नाही, नुसते झोंबते.

मराठी स्वयंपाकघरातले काही जिन्नस कुत्र्याला विषारी आहेत, हे अनेक घरांना माहीत नसते. कांदा आणि लसूण, शिजवलेले असले तरी, त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात; म्हणजे उरलेले कांदेपोहे बाद. मनुका, बेदाणे आणि द्राक्षांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिऱ्यातला एखादा बेदाणाही वेचून काढलेला बरा. द्राक्षांतले टार्टारिक आम्ल यामागे असावे, असे अलीकडे मानले जाते, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असते, म्हणून आमटीही नको. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगगम यांच्या तर वाऱ्यालाही उभे करू नये.

पहिला धडा कोणत्याही हुकुमाचा नसतो, तोंड सांभाळण्याचा असतो. खादाड पिल्लू तुकड्याबरोबर बोटेही घेते, आणि दुधाचे दात सुईसारखे असतात. तुकडा मुठीत बंद करून मूठ पिल्लाच्या नाकाशी धरायची आणि गप्प राहायचे. पिल्लू हुंगते, चाटते, पंजा मारते, दात लावून पाहते, एखादे वेळी भुंकतेही. मूठ उघडत नाही आणि हलतही नाही. अर्ध्या मिनिटाने, कधी मिनिटाने, ते वैतागून नाक जरासे मागे घेते. त्या क्षणी ‘येस’, आणि मूठ उघडून तुकडा तळहातावर सपाट धरायचा. चार-सहा खेपांत पिल्लाच्या चेहऱ्यावर एक गंमतशीर बदल दिसू लागतो. मूठ समोर आली की ते मागे सरते, कपाळाला आठी पाडते आणि मुठीऐवजी माणसाच्या तोंडाकडे बघते. हवे असेल तर मागे व्हायचे, ही उलटी गोष्ट त्याला कळलेली असते. पुढचे जवळजवळ सगळे शिष्टाचार याच एका समजुतीवर उभे राहतात.

बसायला शिकवणे त्यामानाने किरकोळ. बोटांत धरलेला तुकडा नाकापासून डोक्यावरून मागे नेला की नाक वर जाते, मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणी ‘येस’ आणि तुकडा. हात फार उंच गेला तर पिल्लू उडी मारते, एवढीच काय ती मेख. तीन-चार वेळा जमले की तसाच हात रिकामा फिरवायचा आणि तुकडा दुसऱ्या हाताने द्यायचा. हुकमाचा शब्द सगळ्यांत शेवटी जोडायचा, कृती हमखास होऊ लागल्यावर. दिवसभर मराठीत बोलणारी घरे कुत्र्याशी मात्र ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ अशा इंग्रजीत बोलतात, याची चेष्टा होते, पण त्यात थोडी सोयही आहे. ‘बस’ हा शब्द मराठी घरात दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो: बस झालं आता, बस ना जरा, बस चुकली. एका अर्थाला बांधलेला आणि एरवी न वापरला जाणारा शब्द पिल्लाला पटकन उमगतो. भाषा कोणतीही असो, घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरणे महत्त्वाचे. आईचे ‘सिट’, बाबांचे ‘सिट डाउन’ आणि आजोबांचे ‘खाली बस रे’ हे पिल्लाच्या लेखी तीन वेगळे आवाज असतात.

बसणे आले की ते जेवणाच्या वाटीला जोडतात. वाटी हातात घेऊन उभे राहायचे; पिल्लू बसले की वाटी खाली येऊ लागते, उठले की वर जाते. ओरडावे लागत नाही, वाटीच बोलते. पहिल्या दिवशी वाटी दहा वेळा वर-खाली होते, आठवड्याभरात पिल्लू वाटी जमिनीला लागेपर्यंत थांबते आणि ‘घे’ म्हटल्यावरच तोंड घालते. लॅब्राडॉर मोठा झाल्यावर ३० किलोंच्या पुढे जातो. वाटीवर झेपावणारे पाच किलोंचे पिल्लू पाहून हसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणे हाही याच हिशेबातला भाग. पिल्लाला तिथे खाऊ नको असतो, लक्ष हवे असते, आणि ‘अरे अरे, खाली हो’ म्हणत दोन्ही हातांनी ढकलणे म्हणजे भरपूर लक्ष. पाय जमिनीवर असतील तरच हात अंगावरून फिरेल, नाहीतर पाठ फिरेल, हा नियम सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांनाही सांगावा लागतो. हे फार अवघड जाते, कारण शेजारी म्हणतात, ‘राहू दे हो, मला आवडतं.’

खरी कसोटी जेवणाच्या टेबलाशी किंवा पाटाशी. घरात शिकवणारा एक आणि लाड करणारे चार, अशी स्थिती असेल तर निकाल आधीच लागलेला असतो. ताटे वाढली की पिल्लू एकेकाच्या खुर्चीशी जाऊन उभे राहते आणि चार-पाच दिवसांत आजीच्या खुर्चीखाली मुक्काम ठोकते. आजी रोज देत नाहीत. त्यांना दटावलेले असते, म्हणून त्या कधी पोळीचा शेवटचा तुकडा पदराआडून सोडतात, कधी नाही सोडत. आणि नेमके हेच सगळ्यांत घातक. रोज मिळणारे बक्षीस बंद झाले तर सवय लवकर सुटते. कधीतरी, अनियमितपणे मिळणारे बक्षीस सवय घट्ट करते. लॉटरीची तिकिटे विकली जातात ती याच कारणाने. घरातल्या एकट्या आजींना यात दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याइतक्या निगुतीने अनियमित बक्षीस देणारे प्रयोगशाळेतही फार थोडे सापडतील. त्यांच्या हातची माया वाया घालवायचीही गरज नाही. कोपऱ्यात एक सतरंजी टाकायची, आणि जेवण सुरू असताना पिल्लू सतरंजीवर असेल तरच, तिथेच नेऊन, आजींनी एखादा दाणा ठेवायचा. टेबलापाशी काहीही मिळत नाही, सतरंजीवर कधीतरी मिळते, हे कळले की पिल्लू सतरंजी धरते.

टेबलापाशी देणे बंद केल्यावर पहिले काही दिवस मागणी वाढते. पूर्वी नुसते बघणारे पिल्लू आता कुंई करते, मग पंजा मारते, मग भुंकते. नळ आला नाही की आपण तोटी आणखी दोनदा फिरवून पाहतो, तसाच हा प्रकार. निम्मी घरे नेमकी इथे हरतात. भुंकल्यावर तुकडा मिळाला, की मुक्याने मागण्याऐवजी भुंकून मागायचे असते हा नवा धडा पक्का होतो. तेवढे दिवस काढले तर मागणी ओसरते.

घराबाहेर खादाडपणाचे स्वरूप गंभीर होते. आपल्याकडे पदपथावर कोंबडीची शिजलेली हाडे पडलेली असतात, आणि शिजलेले हाड चावल्यावर टोकदार फुटते. म्हणून ‘सोड’ हा धडा मुठीच्याच रीतीने पुढे न्यायचा: आधी तुकडा मुठीत, मग जमिनीवर पावलाखाली, मग उघडा आणि दोरी हातात. सोडल्याबद्दल मिळणारा खाऊ नेहमी दुसरा आणि जमिनीवरच्यापेक्षा चांगला असावा. तोंडात गेलेली वस्तू बोटे घालून ओढून काढली, तर पुढच्या वेळी पिल्लू ती घाईने गिळते किंवा सोफ्याखाली पळते. अदलाबदल केली तर ते वस्तू घेऊन स्वतःच येते. ते कधीकधी मुद्दाम चप्पल आणून सौदा करू पाहते, पण गिळलेल्या मोज्यावरच्या शस्त्रक्रियेपेक्षा हा सौदा स्वस्त पडतो. वाटीजवळ कोणी गेले की पिल्लू ताठ होत असेल किंवा गुरगुरत असेल, तर वाटी हिसकावून ‘मालक कोण’ हे दाखवण्याचा जुना उपाय आगीत तेल ओततो. जाता-येता वाटीत वरून काहीतरी चांगले टाकत राहिले की जवळ येणारा माणूस नेणारा नसून देणारा आहे, हे त्याला पटते. तरीही गुरगुरणे वाढत गेले, तर पशुवैद्याला किंवा वर्तनाच्या जाणकाराला दाखवावे.

हाक मारल्यावर येणे, हा धडा मोडायला एक चूक पुरते. हाक मारून आंघोळीला नेले, दोरी लावून खेळ थांबवला, सांडलेल्या शूसाठी रागावले, की हाकेची पत गेली. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे हाक फक्त खाऊसाठी मारायची, आणि खाऊही डबीतला सगळ्यांत भारी. दहापैकी आठ वेळा पिल्लाला खाऊ देऊन परत खेळायला सोडायचे. आंघोळ घालायची असेल, तर मुकाट्याने जाऊन उचलून आणायचे.

हे सगळे सुरू कधी करायचे? पिल्लू घरात आले त्या दिवशी. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर येथे अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला. १९६५ सालच्या त्यांच्या ग्रंथानुसार माणसांशी आणि परिसराशी ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत असतो. भारतातल्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, म्हणजे नव्या घराच्या वाट्याला त्यातला जेमतेम महिना येतो, आणि त्याच दिवसांत लसीकरणही सुरू असते. तेव्हा पिल्लाला कडेवर घेऊन गॅलरीतून रिक्षा, कुकरची शिट्टी, ढोलताशा हे सगळे खाऊच्या साथीने ओळखीचे करून देतात. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. शिकवणी दोन-तीन मिनिटांची, दिवसातून चार-पाचदा, यापेक्षा जास्त त्याच्या डोक्यात मावत नाही.

धडा पक्का झाल्यावर खाऊ विरळ करत जायचा: आधी दर वेळी, मग दोनदा केल्यावर, मग कधी तिसऱ्याला तर कधी सातव्याला. आजींच्या हातून टेबलाखाली जे नकळत घडत होते, तेच इथे जाणूनबुजून करायचे. मध्ये आठव्या महिन्याच्या सुमाराला एक वळण येते. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातली पिल्ले पाचव्या महिन्यात आपल्या माणसाचे ‘सिट’ ऐकत होती. आठव्या महिन्यात त्याच माणसाचे कमी ऐकू लागली, अनोळखी माणसाचे मात्र ऐकत होती. घराला वाटते, शिकवलेले सगळे पाण्यात गेले. कुत्रे पुरते प्रौढ झाल्यावर हे सावरते. तोवर टीव्हीशेजारची डबी पुन्हा भरून ठेवायची, हाक मारताना दोरी लांब पण हातात ठेवायची आणि महिन्यातून एकदा बरगड्यांवरून हात फिरवून बघायचा. मूठ वळल्यावर बोटांच्या पेरांची हाडे जशी लागतात, तशा त्या लागल्या तर कुत्रे बारीक आहे. तळव्याच्या मांसल भागासारख्या लागल्या, तर डबीतले दाणे वाटीतून वजा झालेले नाहीत. पसरलेल्या पंजाच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या, तर हिशेब बरोबर चालला आहे.